उन्हाळ्याचा अंदाज वाचायचा कसा आणि माल भरायचा किती?



फेब्रुवारी संपत आला की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "सर, यंदा ऊन कडक पडणार म्हणतात. सरबताचा माल दुप्पट करू का?" "सर, डीप फ्रीझर हप्त्यावर घेऊ का?" "सर, लग्नसराईला कुलर भाड्यानं द्यायचा धंदा चालेल का?"

या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत दडलंय: हवामानाचा अंदाज आपण वाचतो कसा. बातमीची एक ओळ ऐकून माल भरणं वेगळं आणि अंदाज नीट वाचून माल भरणं वेगळं. हा फरक एका उन्हाळ्यात किती महाग पडतो, ते एका उदाहरणानं सांगतो.

आमच्या एका बॅचमधल्या ताई. कोकम आणि लिंबाचं सिरप बनवतात, यात्रेला लस्सीचा स्टॉलही लावतात. २०२५ च्या मार्च अखेरीस त्यांनी टीव्हीवर ऐकलं की यंदा उन्हाळा नेहमीपेक्षा कडक. बचत गटातून कर्ज काढलं आणि साखर, बाटल्या, लेबलं, खोकी, सगळा माल एकदम भरला. एप्रिल जोरात गेला. मग मे महिना आला. ढग, वारा, वळीव, आणि महिनाअखेर तर थेट मान्सूनच. ताईंच्या पुढच्या खोलीत खोक्यांची थप्पी तशीच. सिरप फुकट गेलं नाही, पण पैसा अडकला आणि दोन हप्ते चुकले. त्यांनी मला विचारलं, "सर, हवामान खात्यानं फसवलं, का मी चुकले?"

खरं सांगू? दोन्ही नाही. अंदाज वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं. ते आज शिकू.

१. अंदाज म्हणजे भविष्य नाही, शक्यता आहे

भारतीय हवामान विभाग १८७५ पासून काम करतोय. उन्हाळ्यासाठी तो दोन मोठे अंदाज देतो. फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मे या तीन महिन्यांचा, आणि मार्चच्या अखेरीस एप्रिल ते जूनचा. ताईंनी ऐकलेला अंदाज हा दुसरा होता.

या अंदाजात नकाशा असतो आणि नकाशावर टक्केवारी असते. समजा आपल्या भागावर "सरासरीपेक्षा जास्त तापमानाची शक्यता ५५ टक्के" असं आलं. आपण काय ऐकतो? "कडक ऊन पडणार." पण आकडा काय सांगतो? शंभरातल्या ४५ वेळा तसं होणार नाही, हेही तोच सांगतो. काहीच माहीत नसेल तर जास्त, साधारण आणि कमी या तिन्ही खणांना प्रत्येकी ३३ टक्के धरतात. ३३ चे ५५ झाले म्हणजे पारडं झुकलं एवढंच. खात्री झाली असं नाही.

दुसरी गोष्ट. हा अंदाज तापमानाचा असतो, आणि तोही तीन महिन्यांच्या सरासरीचा, मोठ्या पट्ट्याचा. आपल्या गल्लीत १८ मे ला दुपारी चार वाजता काय होईल, हे तो सांगत नाही. एप्रिल तापला आणि मे ढगाळ गेला तर धंद्याचा अर्धा सीझन गेला, पण त्या सरासरीत तो दिसेलच असं नाही.

२. किनारा वेगळा, कोरडवाहू पट्टा वेगळा, आणि आपण मधोमध

हवामान विभागाच्या हिशेबात महाराष्ट्राचे चार भाग आहेत: कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. कोल्हापूर मध्य महाराष्ट्रात येतं. म्हणून "कोकणात उष्णतेची लाट" ही बातमी तुमच्यासाठी नसते, आणि "विदर्भात पारा ४५ वर" ही पण नसते. पण तुमचं गिऱ्हाईक तिथं असेल तर मात्र ती बातमी तुमचीच आहे!

आपल्या जिल्ह्याचं भाग्य बघा. पश्चिमेला गगनबावडा, जिथं पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला शिरोळ, हातकणंगले, जिथं त्याच्या किती तरी पट कमी पडतो. करूळ किंवा आंबा घाट उतरलं की कोकण. पूर्वेला जत, आटपाडी, मंगळवेढ्याकडे गेलं की दुष्काळी पट्टा. राजस्थानसारखं वाळवंट नाही ते, पण उन्हाळ्यातली कोरडी हवा तशीच. म्हणजे कोल्हापुरात बसून तुम्ही दोन पूर्ण वेगळ्या उन्हाळ्यांना माल विकू शकता.

आता हे दोन उन्हाळे समजून घ्या.

किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून पारा फार चढत नाही. रत्नागिरीला एप्रिलमध्ये ३२-३३ अंश, तेव्हा कोल्हापूरला ३७-३८. पण कोकणात हवेत दमटपणा जास्त. घाम येतो, वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. रात्रीही उकाडा. आणि एखाद्या दिवशी जमिनीकडचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्राचा वारा उशिरा सुटतो, तेव्हा पारा एकदम उसळतो. २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीसच मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता, तो याच प्रकारचा.

म्हणूनच उष्णतेच्या लाटेची मोजपट्टी सगळीकडे एक नाही. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० झालं, आणि ते तिथल्या सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त वर गेलं, तर लाट म्हणतात. किनाऱ्यावरचे ३८ हलक्यात घेऊ नका. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर भर उन्हात मोठा कार्यक्रम झाला. पारा चाळिशीच्या आतच होता, तरी उष्माघातानं दहाहून जास्त माणसं दगावली.

कोरड्या पट्ट्यात उलटं. पारा ४० च्या पुढं जातो, ओठ फुटतात, पण घाम लगेच वाळतो आणि सावलीत बरं वाटतं. रात्रीही थोडी सुटका मिळते.

३. हवा बदलली की माल बदलतो

कुलरवाल्या मित्राचा प्रश्न घ्या. पाणी टाकायचा कुलर थंडावा देतो तो पाण्याची वाफ होऊन. हवा कोरडी असेल तर वाफ पटकन होते आणि खोली गार होते. जत, सांगोला, सोलापूरकडच्या मंगल कार्यालयात कुलर भाड्यानं द्या, लोक नाव काढतील. तोच कुलर मालवणच्या लग्नात लावा, दमट हवेत आणखी दमटपणा वाढेल आणि वऱ्हाडी तुमच्या नावानं ओरडतील. तिथं साधा मोठा पंखा बरा. बातमी एकच, "यंदा उकाडा", पण माल वेगळा.

पापड, कुरडया, सांडगे यांचंही तसंच. कोरडी हवा म्हणजे फुकटचं वाळवण यंत्र. पूर्वेकडच्या गावात दोन दिवसांत वाळणारा पापड दमट हवेत सादळतो. म्हणून वाळवण पूर्वेला, विक्री पश्चिमेला. आणि कोकणात पाठवणार असाल तर पाकिटाच्या सीलवर दोन पैसे जास्त खर्च करा, नाही तर माल परत येईल.

मातीचा माठही त्याच नियमानं चालतो. कोरड्या हवेत पाणी छान गार, दमट हवेत जेमतेम.

कच्च्या मालाकडंही बघा. कोकमाचं फळ एप्रिल-मे मध्ये तयार होतं. पाऊस लवकर आला तर काढणी अर्धवट राहते आणि फळ खराब होतं. म्हणजे ज्या पावसानं तुमचं सरबत विकलं जात नाही, तोच पाऊस पुढच्या वर्षाचा कोकमाचा भाव वाढवतो. मे मध्ये पाऊस लवकर येण्याची चिन्हं दिसली की तयार बाटल्या कमी करा, पण पुढच्या वर्षाची वाळलेली आमसुलं आधी बांधून ठेवा.

४. वळीव: कोल्हापूरच्या धंद्याचा खरा गुप्त भागीदार

आपल्याकडे मार्च कोरडा तापतो. एप्रिलच्या मध्यापासून समुद्राकडची ओलसर हवा आत येते, तापलेल्या जमिनीवरून वर चढते आणि दुपारनंतर ढग जमतात. वारा, विजा, कधी गारा. वेळ कुठली? साधारण तीन ते सात. रंकाळ्यावर गाडा लावणाऱ्याला विचारा, धंद्याची खरी वेळ पण हीच!

आता याचं गणित साधं आहे. वाळवणाचं काम गुढीपाडव्याच्या आसपास उरकायचं, मे वर ढकलायचं नाही. एप्रिलनंतर थंड पदार्थांची विक्री सकाळी अकरा ते तीन या वेळेत खेचायची, सगळी भिस्त संध्याकाळवर ठेवायची नाही. गाड्याची छत्री बांधून ठेवायची, कारण पहिला झटका वाऱ्याचा असतो. आणि वळवात वीज जाते हे गृहीत धरून फ्रीझर गच्च भरायचा नाही, बर्फाची आणि थर्माकोलच्या पेटीची सोय आधी करायची.

५. २०२५ मध्ये नेमकं काय झालं?

मार्च अखेरच्या अंदाजात देशाच्या बहुतेक भागात तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील असं होतं. एप्रिल तापलाही. पण मे मध्ये देशभर इतका पाऊस झाला की १९०१ पासूनच्या नोंदींत तो सर्वात ओला मे ठरला. महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोकण किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. मान्सून २४ मे ला केरळात आला, एरवीची तारीख १ जून. २६ मे ला तो मुंबईत होता, एरवीची तारीख ११ जून. शीतपेय आणि एसी विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनाही त्या तिमाहीत फटका बसला. त्यांच्याकडे तज्ज्ञांची फौज असते, तरी. तेव्हा ताईंनी स्वतःला दोष द्यायचं कारण नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. केरळात मान्सून कधी येणार याचा अंदाज हवामान विभाग २००५ पासून दर मे मध्ये देतो, चार दिवस मागंपुढं धरून. त्या वर्षी त्यांनी २७ मे सांगितलं होतं, आणि आला २४ ला. म्हणजे अंदाज बसला. ही माहिती मे च्या मध्याच्या आधी सगळ्यांच्या हातात होती. ताई मार्चच्या बातमीवर थांबल्या होत्या, त्यांनी पुढचं पान उलटलंच नाही.

६. आता मुद्द्याचं: माल किती भरायचा?

वही घ्या. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा तुमचा अंदाज असा: कडक ऊन ५० टक्के, साधारण उन्हाळा ३० टक्के, पावसाळी उन्हाळा २० टक्के. सिरपच्या बाटल्या खपतील अनुक्रमे १०००, ७०० आणि ४००. एका बाटलीवर नफा ४० रुपये. उरलेली बाटली पुढं कमी भावात काढावी लागली तर तोटा १५ रुपये.

१००० बाटल्या भरल्या तर: कडक उन्हात नफा ४०,०००, साधारण उन्हाळ्यात २३,५००, पावसाळी उन्हाळ्यात ७,०००. शक्यतेप्रमाणे सरासरी काढली तर २८,४५०.

७०० भरल्या तर: २८,०००, २८,००० आणि ११,५००. सरासरी २४,७००.

सरासरीत १००० भरणं फायद्याचं. कारण सिरप टिकतं, उरलं तरी तोटा कमी.

आता लस्सी. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेला एका दिवसाचा स्टॉल. ग्लासमागं नफा १२, उरलेला ग्लास फेकला तर तोटा १८. खप ३००, २०० किंवा १००, शक्यता त्याच.

३०० ग्लासांची तयारी: ३,६०० नफा, ६०० नफा, नाही तर २,४०० तोटा. सरासरी १,५००.

२०० ग्लासांची तयारी: २,४००, २,४००, नाही तर ६०० तोटा. सरासरी १,८००.

बघा, अंदाज तोच, ५० टक्के कडक ऊन. पण सिरप जास्त भरायचं आणि लस्सी बेतानं करायची. टिकणाऱ्या मालाला आशा परवडते, नासणाऱ्या मालाला परवडत नाही. निर्णय फक्त हवामान ठरवत नाही, उरलेल्या मालाचं काय होतं हेही ठरवतं.

आणि आता तिसरा आकडा, जो ताईंनी धरला नव्हता: हप्ता. समजा सीझनअखेर तुम्हाला १०,००० रुपये भरायचेत. १००० बाटल्या भरल्या आणि पाऊस आला, तर हातात ७,०००. हप्ता चुकला. ७०० भरल्या आणि पाऊस आला, तर ११,५००. हप्ता गेला, घरात थोडे उरले. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्यानं आधी वाईट उन्हाळ्याचा आकडा बघायचा, सरासरीचा नंतर. मोठ्या कंपनीला दहा उन्हाळ्यांची सरासरी काढायला वेळ असतो. आपल्याला हा एकच उन्हाळा पार करायचा असतो.

७. एक निर्णय नको, चार निर्णय करा

मग १००० चा फायदा सोडायचा का? नाही. माल टप्प्यानं भरायचा.

फेब्रुवारी अखेर: मार्च ते मे चा अंदाज बघा. अंदाज कसाही असो, खपेलच अशी खात्री आहे तेवढाच माल भरा. वरच्या उदाहरणात ४००. लेबलं छापताना त्यावर "उन्हाळा विशेष" लिहू नका, नाही तर जूनमध्ये तीच बाटली शिळी वाटते.

मार्च अखेर: एप्रिल ते जूनचा अंदाज आला. मार्चची तुमची स्वतःची विक्री आणि हा अंदाज शेजारी ठेवा. दोन्ही चांगलं म्हणत असतील तर आणखी ३००.

एप्रिलचा दुसरा पंधरवडा: हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो, तो बघायची सवय लावा. मे च्या पहिल्या पंधरवड्यावर पावसाचा रंग दिसत नसेल तर उरलेल्या ३०० चा विचार करा. लक्ष्मीपुरीत बाटल्या आणि साखर दोन दिवसांत मिळते, मग आधीच घरात भरून पैसा का अडकवायचा? घाऊक घेतल्यानं बाटलीमागं रुपया वाचतो खरा, पण उरलेली बाटली पंधरा रुपये खाते.

मे मध्य: मान्सून केरळात कधी, हे जाहीर होतं. ती तारीख कळली की नवा माल बंद, असलेला माल काढायला सुरुवात. किराणा दुकानदाराला दोन बाटल्यांवर सूट द्या, हॉटेलवाल्यांना सोलकढीसाठी द्या, कोकणातल्या पर्यटकांच्या दुकानात पाठवा. पाऊस यायच्या आधी दिलेली सूट ही सूट असते, पाऊस आल्यावर दिलेली सूट ही मजबुरी असते.

आणि रोजचं बघायला जिल्हावार इशारा आहे. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. "मौसम" अॅपवर तो दिसतो. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं "दामिनी" अॅप मोबाईलमध्ये ठेवा. मैदानात, डोंगरावर, यात्रेत स्टॉल लावणाऱ्यानं तर ठेवाच. गिऱ्हाईक परत येतं, जीव येत नाही.

तीच गोष्ट कामगारांची. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी बारा ते चार पोरांना उन्हात माल वाहायला लावू नका. पाणी आणि ओआरएस गाडीत ठेवा. चक्कर, उलटी, बडबड सुरू झाली तर सावलीत न्या, अंगावर पाणी मारा आणि लगेच दवाखाना गाठा.

आजचा गृहपाठ

एका पानावर चार रकाने आखा. पहिल्यात तुमचा माल. दुसऱ्यात तो विकला तर नफा. तिसऱ्यात उरला तर तोटा. चौथ्यात सर्वात वाईट उन्हाळ्यात किती खपेल. खाली तुमचा हप्ता लिहा. चौथ्या रकान्यातल्या विक्रीच्या नफ्यातून उरलेल्या मालाचा तोटा वजा करा. जे राहतं त्यातून हप्ता निघत नसेल, तर माल कमी करा किंवा कर्ज कमी करा. ऊन जास्त पडेल अशी प्रार्थना हा धंद्याचा प्लॅन होत नाही!

आणि रोज रात्री दोन आकडे टिपा: आजचं कमाल तापमान आणि आजची विक्री. साठ दिवस टिपलंत की पुढच्या वर्षी तुमच्या हातात असा अंदाज असेल, जो कुठल्याच खात्याकडे नाही: तुमच्या गल्लीचा, तुमच्या गिऱ्हाइकांचा.

आमच्या त्या ताई आता हेच करतात. पुढच्या खोलीत खोक्यांची थप्पी नसते, भिंतीवर एक कॅलेंडर असतं. त्यावर चार तारखांना लाल गोल आहे. मी विचारलं, "मग ताई, यंदा काय म्हणतंय हवामान खातं?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, अजून दुसराच गोल झालाय. तिसरा गोल येऊ दे, मग सांगते."

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर वही लिहायला घ्या.